प्रवासाचा पैसा : भिशीपासून क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांपर्यंत

उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबासह प्रवासास जाणे ही नागरी मध्यमवर्गाच्या जीवनात आता इतक्या परिपाठाची गोष्ट झाली आहे, की त्यासाठी लागणारा पैसा कोठून येतो हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रवासवर्णने मराठीत विपुल आहेत. प्रवासखर्चाचा इतिहास मात्र त्या वर्णनांच्या कडेकडेने शोधावा लागतो. गेल्या दोन-अडीच दशकांत या खर्चाची एक नवी तरतूद रूढ झाली. वर्षभर घरखर्च क्रेडिट कार्डावर करावयाचा, त्याबद्दल मिळणारे रिवॉर्ड पॉइंट साठवावयाचे आणि सुटीत त्यांच्या मोबदल्यात रेल्वेची वा विमानाची तिकिटे मिळवावयाची. असा प्रवास फुकट झाला, असे बोलण्याची पद्धत आहे. परंतु रेल्वे वा विमान कंपनी कोणासही फुकट नेत नाही. तेव्हा हा पैसा कोणी भरला, हे पाहणे इतिहासदृष्ट्या उद्बोधक ठरते. मिरा-भाईंदर या शहराच्या संदर्भात प्रस्तुत लेखात हाच प्रश्न तपासला आहे.

प्रवास आणि पत यांचा संबंध नवा नाही. अठराव्या शतकात काशीयात्रेस निघणारा सधन यात्रेकरू सर्व रोकड बरोबर बाळगीत नसे. तो सावकाराकडून हुंडी घेई व मुक्कामाच्या शहरी ती वटवी. या सोयीबद्दल द्यावी लागणारी हुंडणावळ यात्रेकरूच्याच पदरची असे. ज्याची सोय त्याचा खर्च, असा हा सरळ व्यवहार होता. सामान्य माणसास प्रवास हा खर्चाचा विषय क्वचितच परवडे. तो बहुधा मिळकतीसाठी घराबाहेर पडे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरावरील कर्ज फिटावे एवढी दक्षिणा मिळेल या आशेने. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे मोल बंडाच्या वृत्तान्तामुळे आहे हे खरे. पण प्रवास हे कर्ज फेडण्याचे साधन होते, ही त्यातील साधी बाबही तितकीच लक्षणीय आहे. पुढील दीडशे वर्षांत हे नाते उलटे झाले.

रेल्वेने प्रवास स्वस्त केला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू झाली आणि १८६४ साली गुजरातेकडून येणारा बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून भाईंदरवरून मुंबईस पोहोचला. तथापि संपूर्ण कुटुंबाचा प्रवास ही पगारदारासदेखील मोठी बाब राहिली. तिच्यासाठी दोन मार्ग होते. पहिला मार्ग आगाऊ बचतीचा. त्यात टपाल कचेरीचे खाते, १९०४ च्या कायद्यानंतर वाढलेल्या सहकारी पतपेढ्या आणि मुख्यतः घरोघरची भिशी यांचा समावेश होतो. भिशीची रचना सुबोध आहे. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये काढावयाचे, जमलेले सहा हजार चिठ्ठी टाकून एकीस द्यावयाचे, व वर्षाअखेर सर्वांची पाळी पुरी करावयाची. जिला प्रथम रक्कम मिळते ती वस्तुतः उरलेल्या अकरा जणींची बिनव्याजी ऋणको होय. जिला शेवटी मिळते ती सर्वांची धनको. परंतु कोण कोणाचे देणे लागते हे प्रत्येकीस नावानिशी ठाऊक असते. भिशीचा खरा आधार हाच.

दुसरा मार्ग नोकरीच्या हक्काचा. केंद्र सरकारने १९५६ साली आपल्या कर्मचाऱ्यांना रजा-प्रवास सवलत दिली. प्रथम ती दोन वर्षांतून एकदा स्वग्रामी जाण्यापुरती होती. सत्तरीच्या दशकात चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची मुभा तिच्यात आली. सरकारी कचेऱ्या, बँका व सार्वजनिक उपक्रम यांतील हजारो कुटुंबांनी काश्मीर वा कन्याकुमारी प्रथम पाहिली ती या सवलतीवर. येथे खर्च सरकारी तिजोरी वा मालकसंस्था उचले; पण तो वेतनाचा भाग म्हणून, घोषित नियमांनुसार. भरणारा दृश्य होता आणि भरण्याचे कारणही.

मिरा-भाईंदरची वाढ नेमकी या दोन व्यवस्थांच्या उत्तरकाळात झाली. मिठागरे, भातशेती आणि उत्तन-डोंगरीकडील कोळीवाडे असा हा मूळचा परिसर. परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद स्थापन झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी ती महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लक्ष २० हजार असलेली लोकसंख्या २०११ साली ८ लक्ष ९ हजारांवर गेली. मुंबईत घर घेणे न परवडणारा नोकरदार, भाईंदर पूर्वेच्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतील कामगार, आणि गुजराती-राजस्थानी व्यापारी असा संमिश्र समाज येथे आला. घराचे हप्ते व लोकलचा पास भरून उरेल त्यातून सुटी साजरी करावयाची, हे या शहराचे अर्थकारण. याच काळात कुटुंबांच्या सहलींचा व्यवसाय वाढला. मुंबईत १९८४ साली केसरी व २०१३ साली वीणा वर्ल्ड या संस्था सुरू झाल्या. सहल ही आता ठरीव किमतीची वस्तू बनली, आणि वस्तू उधारीवर घेता येते.

उधारीचे साधनही तयार होत होते. भारतातील बँकांपैकी सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली पहिले क्रेडिट कार्ड काढले. स्टेट बँकेची स्वतंत्र कार्ड-कंपनी १९९८ साली निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या वर गेली. कार्डाबरोबर आलेली पॉइंटांची कल्पना अमेरिकेतील. तेथे स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ पासून दुकानदारांना हिरवी तिकिटे विकावीत, दुकानदारांनी ती गिऱ्हाइकांस वाटावीत व गिऱ्हाइकांनी ती वहीत चिकटवून त्यांवर वस्तू न्यावी, अशी प्रथा होती. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली हेच तत्त्व विमानप्रवासास लावले, आणि १९८७ साली त्या योजनेस बँकेचे कार्ड जोडले गेले. तिकिटे वहीत चिकटविण्याऐवजी खात्यावर पडू लागली; तत्त्व मात्र तेच राहिले. भारतात या योजनेचे सर्वांत लोकाभिमुख रूप म्हणजे रेल्वेच्या आयआरसीटीसी या कंपनीने स्टेट बँकेच्या कार्ड-कंपनीसह काढलेले कार्ड. त्यात एका पॉइंटाचे मोल एक रुपया धरले गेले व ते तिकिटात वळविता आले. जुलै २०२० मध्ये त्याची रुपे आवृत्ती निघाली. भाईंदरच्या फलाटावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसास विमानाच्या मैलांपेक्षा हा हिशेब अधिक उमगणारा होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळणे शक्य आहे. पॉइंटांचा पैसा प्रामुख्याने दोन झऱ्यांतून येतो. पहिला झरा दुकानदाराचा. कार्डाने भरलेली रक्कम त्याच्या खात्यात पूर्ण जमा होत नाही. तीतून मर्चंट डिस्काउंट, म्हणजे जुन्या पेढीच्या भाषेत वटाव, कापला जातो. डेबिट कार्डाच्या वटावावर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली : वार्षिक उलाढाल २० लक्षांपर्यंत असणाऱ्या व्यापाऱ्यास कमाल ०.४० टक्के, इतरांस ०.९० टक्के. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील वटाव शून्य करण्यात आला. क्रेडिट कार्डास मात्र २०१८ ची मर्यादा लागू करण्यात आली नाही. दुसरा झरा व्याजाचा. ज्या ग्राहकास मुदतीत पूर्ण बिल भरता येत नाही त्यास दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षास ४० टक्क्यांच्या घरात, आकार पडतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली या व्याजास ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. एखादे कुटुंब वर्षाकाठी ३ लक्ष रुपये कार्डावर खर्च करते. दर शंभर रुपयांस एक पॉइंट मिळतो व एका पॉइंटाचे मोल २५ पैसे आहे, असे समजू. वर्षअखेरीस ३,००० पॉइंट, म्हणजे ७५० रुपये जमतात. त्याच खर्चावर वटाव दोन टक्के धरला तर दुकानदारांकडून ६,००० रुपये गेले. म्हणजे कुटुंबास मिळालेली देणगी ही दुकानदारांनी भरलेल्या रकमेचा अष्टमांश होय. आता हेच कुटुंब एखाद्या मे महिन्यात २०,००० रुपयांची बाकी महिनाभर थकविते असे धरले, तर साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १२६ रुपये, मिळून ८२६ रुपये द्यावे लागतात. एका महिन्याच्या हयगयीत वर्षाचे पॉइंट बुडून वर ७६ रुपये पदरचे जातात.

यावरून पॉइंटांच्या सहलीचा लाभ कोणास होतो हे स्पष्ट होईल. दरमहा पूर्ण बिल भरू शकणारे, स्थिर पगाराचे कुटुंब लाभात राहते. भरू न शकणारे कुटुंब त्या लाभाचा एक हिस्सा उचलते. आणि दुकानदाराने वटाव मालाच्या किमतीत मिळविला तर रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईकही तो उचलते. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली अमेरिकेपुरता असा अंदाज काढला, की रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षास १४९ डॉलर कार्डधारकांकडे पाठविते व कार्डाने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब १,१३३ डॉलर मिळविते. हे आकडे भारतास जसेच्या तसे लावणे चुकीचे होईल. येथे वटावरहित यूपीआयमुळे किराणा दुकानदारास व मासळी विकणाऱ्या कोळणीस एक आडोसा मिळाला आहे. तथापि सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्याने, ज्या चौकटीकडे दुकानदार वटावमुक्त म्हणून पाहत होता तिच्यातूनच उधारीचा व्यवहारही येऊ लागला. त्यावरील लहान रकमांना आकारातून सूट देण्यात आली, यावरूनच या भाराची जाणीव धोरणकर्त्यांसही होती असे दिसते.

या स्थित्यंतरात शासन केवळ प्रेक्षक नव्हते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, साथीमुळे प्रवास अशक्य झाला असता, केंद्र सरकारने रजा-प्रवास सवलतीऐवजी रोख रक्कम देण्याची योजना जाहीर केली. तिची अट अशी, की कर्मचाऱ्याने मानीव प्रवासभाड्याच्या तिप्पट रक्कम १२ टक्के वा अधिक कर असलेल्या वस्तू-सेवांवर, नोंदणीकृत विक्रेत्याकडे, ३१ मार्च २०२१ पूर्वी आणि रोखीने नव्हे तर डिजिटल मार्गाने खर्च करावी. १९५६ साली प्रवासासाठी दिलेला हक्क येथे खरेदीचे बक्षीस झाला. उलट ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या प्रकरणात, परदेशातून वळसा घेणाऱ्या प्रवासास या सवलतीची करमाफी मिळणार नाही असा निर्णय देताना, ती भारतातील एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी आहे हे तिचे मूळ प्रयोजन पुन्हा अधोरेखित केले. हक्काचा अर्थ न्यायालयात मांडता येतो तो असा. पॉइंटाचे तसे नाही. त्याचे मोल, मुदत व वापर देणाऱ्याच्या अटींवर अवलंबून असतात व त्या अटी तोच बदलतो. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिच्या प्रवासी-योजनेचे मैल खात्यावर शिल्लक राहिले, योजनेचे नावही बदलून इंटरमाइल्स झाले, पण ज्या आसनांसाठी ते साठविले होते ती आसने उरली नव्हती.

भिशी निर्दोष होती असे नव्हे. ती बुडे, भांडणे होत, आणि तशा व्यवहारांवर नियंत्रण आणण्यासाठी १९८२ साली चिट फंड कायदा करावा लागला. रजा-प्रवास सवलतही मूठभर पगारदारांपुरतीच होती. उत्तनच्या मच्छीमारास वा भांड्यांच्या कारखान्यातील कामगारास ती कधी लाभली नाही. पॉइंटांच्या योजनेने नोकरशाहीबाहेरच्या अनेक कुटुंबांस तिकिटात सूट मिळवून दिली हेही मान्य केले पाहिजे. फरक आहे तो हिशेबाच्या दृश्यतेचा. हुंडीत प्रवासी स्वतः भरी, भिशीत शेजारीण भरी, सवलतीत मालक भरी. पॉइंटांत अनोळखी दुकानदार व अनोळखी ऋणको भरतात, आणि घेणाऱ्यास त्यांची नावे कधी कळत नाहीत.

इतिहासाच्या अभ्यासकास याचा आणखी एक परिणाम ध्यानी घ्यावा लागेल. भिशीची वही, पतपेढीचे पासबुक, सवलतीच्या मागणीस जोडलेली तिकिटे ही सारी कागदपत्रे कुटुंबाच्या प्रवासाची साक्ष देतात. कार्डाच्या मासिक पत्रकात पॉइंटांची जमा दिसते, वटाव दिसत नाही. तो दुकानदाराच्या खात्यात वजा पडलेला असतो. म्हणून मिरा-भाईंदरमधील एखाद्या कुटुंबाच्या सुटीचा हिशेब पुरा करावयाचा असेल तर त्या कुटुंबाच्या कपाटातील कागद पुरेसे नाहीत. कोपऱ्यावरील दुकानदाराची खतावणीही उघडावी लागेल.