कुरकूर आणि उपकारस्तुति

वऱ्हाडांत दोन शेतकरी रस्त्यांत भेटले, म्हणजे क्षेमकुशलाच्या आधीं तक्रार बोलली जाते. पाऊस वेळेवर आला नाहीं. आला तो उघडण्याचें नांव घेईना. कपाशीला बोंडें धरलीं तर अळी पडली. आणि एवढ्यांतूनही माल बाजारांत गेला तर भाव उतरला. तेल्हाऱ्याच्या परिसरांत कोणी चार दिवस राहिला, तरी हें संभाषण त्याच्या कानीं पडल्यावांचून राहणार नाहीं. उत्तरेस सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेस पूर्णा नदी, आणि मध्यें ही काळी सपाट जमीन. जमीन कसदार खरी. परंतु तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यांत मोडतो. विहीर खणावी, पाणी लागावें, आणि तें तोंडांत धरवूं नये, असा तेथील अनुभव. ज्याच्या विहिरीचें पाणीच खारट, त्याला ‘तक्रार करूं नकोस’ असें सांगावयास मोठें धैर्य पाहिजे.

ख्रिस्ती धर्म तें धैर्य करतो. मराठी बायबलांत ‘उपकारस्तुति’ असा एक सुंदर शब्द आहे. मिळालेल्या उपकाराची जाणीव मनांत ठेवून ती वाणीनें व आचरणानें प्रकट करणें, हें ख्रिस्ती मनुष्याचें नित्यकर्म मानलेलें आहे. त्याच ग्रंथांत ‘कुरकूर’ हा शब्द निंदेच्या अर्थानें येतो. मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक रानांत भुकेनें कासावीस झाले, तेव्हां त्यांना सुटकेचा विसर पडला आणि दास्यांतील मांसाच्या हंड्या आठवूं लागल्या. उलट पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस आनंद करण्याचा उपदेश केला, तो बंदिवासांतून. ऐकावयास हें सर्व गोड आहे; परंतु उपदेशाची किंमत इतिहासांत ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ज्या मराठी माणसांनीं हा धर्म स्वीकारला, त्यांच्यापैकीं कित्येकांनीं दुष्काळ, प्लेग, वैधव्य आणि बहिष्कार यांचा अनुभव घेतलेला होता. त्यांनीं कुरकूर टाकून कृतज्ञता पत्करली म्हणजे नेमकें काय केलें, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

आरंभींच एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. कुरकूर निराळी आणि गाऱ्हाणें निराळें. बायबलांत कुरकुरीचा निषेध आहे, पण त्याच ग्रंथांत ईयोबाचा आक्रोश आहे, विलापगीतें आहेत, आणि स्तोत्रांपैकीं कितीतरी स्तोत्रें म्हणजे देवापुढें मांडलेलीं उघड गाऱ्हाणींच आहेत. आमच्या वाचकांस हें नवीन वाटण्याचें कारण नाहीं. नामदेव-तुकारामांनीं विठ्ठलाशीं केलेलें भांडण महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि त्यामुळें त्यांच्या भक्तीस उणेपणा आला असें कोणी म्हणत नाहीं. गाऱ्हाणें ज्याच्याजवळ दाद मागावयाची त्याच्या तोंडावर मांडलें जातें. कुरकूर त्याच्या पाठीमागें चालते. गाऱ्हाण्याला उत्तराची आशा असते. कुरकुरीला उत्तर मिळालें तरी तें नको असतें. हा भेद सुटला, म्हणजे कृतज्ञतेचा उपदेश म्हणजे दुबळ्याचें तोंड बंद करण्याची एक सभ्य युक्ति होऊन बसते.

आतां वऱ्हाडाकडे पाहूं. १८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेंत पोंचेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि इकडे वळली. आगगाडी आली, खामगांवच्या बाजाराचें नांव सातासमुद्रापलीकडे गेलें, ज्वारीच्या शेतांत कपाशी उभी राहिली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु सोनें पेवांत भरून ठेवतां येत नाहीं आणि भुकेच्या वेळीं खातांही येत नाहीं. १८९६-९७ सालीं टंचाई पडली, आणि १८९९-१९०० सालीं तर पाऊस अगदींच फसला, तेव्हां कापूस पिकविणाऱ्या या सधन मुलखांत माणसें अन्नावांचून मेलीं.

त्या काळीं अकोल्यास अलायन्स मिशनचें काम चाललें होतें, आणि त्यांत जेनी फुलर या अमेरिकन बाई होत्या. १९०० सालीं त्यांचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. हिंदी स्त्रियांवर होणारे अन्याय, असा त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ. बालविवाह, सक्तीचें वैधव्य, देवाला वाहिलेल्या मुली, या सर्वांचा त्यांत पाढा वाचलेला आहे. परक्या देशांतील मनुष्याच्या दृष्टीचे दोषही त्यांत सांपडतील. त्याच सालीं बाई वारल्या. आम्हांस लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही वाटते, कीं उपकारस्तुति हें ज्या बाईचें रोजचें व्रत, तिनें आपल्या मागें ठेवलेला ग्रंथ म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एक गाऱ्हाणें आहे. या दोहोंचा मेळ कसा बसतो? त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणाऱ्या बाईच्या चरित्रांत याचें उत्तर मिळतें. ती प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती.

रमाबाईंना तक्रार करावयास जितकीं कारणें होतीं, तितकीं थोड्यांनाच असतील. १८५८ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें, आणि हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं पायीं फिरत राहिलें. दक्षिणेंतील दुष्काळानें थोड्याच काळांत वडील, आई व थोरली बहीण हीं तिन्हीं माणसें नेलीं. आई मरणोन्मुख असतां तिच्यासाठीं भाकरीचा तुकडा मागावयास रमाबाई शेजारच्या घरीं गेल्या, परंतु मागण्याची लाज इतकी, कीं तोंडांतून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईनें डोळ्यांतील पाणी पाहून भाकरी दिली. पुढें १८८० सालीं भाऊ गेला, आणि विवाहास दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८८२ च्या फेब्रुवारींत, पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारले. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या, तों बहिरेपणामुळें तोही मार्ग बंद झाला. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला वाँटेज येथें त्यांनीं कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

यापुढें जें घडलें त्यावरून कृतज्ञतेचें एक लक्षण स्पष्ट होतें. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनीं रमाबाईंना आश्रय दिला, शिक्षणाची सोय केली. त्या उपकाराची जाणीव बाईंनीं जन्मभर ठेवली. परंतु उपकारकर्त्यांची अपेक्षा अशी, कीं आश्रितानें धर्माच्या बाबतींत आपलें मत आपल्याजवळच ठेवावें आणि सांगितलें तें मानावें. रमाबाईंनीं तें साफ नाकारलें. सिस्टर जेरल्डिन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढें १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. त्यांत एका बाजूनें अहंकाराचा आरोप आहे, तर दुसऱ्या बाजूनें उपकार मान्य, पण सदसद्विवेकबुद्धि गहाण टाकणार नाहीं, असा निर्धार आहे. कृतज्ञता म्हणजे आज्ञाधारकपणा नव्हे, हें एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मराठी विधवेनें परमुलखांत, पराश्रयांत राहून दाखवून दिलें.

१८८९ च्या ११ मार्चला मुंबईंत शारदासदन निघालें आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत बाई मध्यप्रांतांत गेल्या. रस्त्याच्या कडेला, सदावर्तांच्या दारांत त्यांनीं जीं मुलें पाहिलीं, त्यांत त्यांना आपलेंच बाळपण दिसलें असलें पाहिजे. त्यांनीं सुमारें तीनशें मुलींना दुष्काळाच्या तोंडांतून काढलें. केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें, आणि १९०० च्या सुमारास तेथील कुटुंब दीड हजारांवर गेलें. एकेकाळीं भाकरी मागतांना जिची जीभ जड झाली होती, तिनें हजारों मुलींसाठीं देशोदेशीं हात पसरला. स्वतःला मिळालेल्या त्या एका भाकरीची ही परतफेड होती, असें आम्हीं म्हटलें तर अतिशयोक्ति होऊं नये.

परंतु स्वतःच्या दुःखाची कुरकूर सोडणाऱ्या या बाईनें दुसऱ्यांच्या दुःखाचें गाऱ्हाणें कधींच सोडलें नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं स्त्री-शिक्षक व स्त्री-वैद्य हवेत असें निक्षून सांगितलें. १८९७ सालीं पुण्यांतील प्लेगच्या इस्पितळांत व छावण्यांत स्त्रियांची जी दुर्दशा होत होती, तिच्याविषयीं त्यांनीं ‘बाँबे गार्डियन’ पत्रांत जळजळीत पत्र लिहिलें, आणि ती गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत जाऊन पोंचली. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, मदतही पुष्कळशी गोऱ्या लोकांकडूनच येत होती. तरी त्यांनीं जीभ आंवरली नाहीं.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दुष्काळांत सांपडलेल्या पोराला अन्न द्यावें, आणि मग त्यानें कृतज्ञ राहावें, आपला धर्म मानावा, अशी अपेक्षा करावी, हें उपकाराचें मोल वसूल करणें नव्हे काय? हा आक्षेप त्या काळींही घेतला गेला. शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माचें वजन पडतें या कारणावरून १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागार मंडळींनीं आपला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. भुकेल्याची मान्यता ही मोकळ्या मनाची मान्यता असतेच असें नाहीं. ज्यानें दिलें त्यानें कृतज्ञता मागूं नये. मागितली कीं ती कृतज्ञता उरत नाहीं, तें कर्ज होतें. परंतु त्याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे, कीं मुक्तिसदनांत मुलींना नुसतें बसवून खावयास घातलें नाहीं. शेती, विणकाम, छापखाना अशीं कामें त्यांच्या हातीं दिलीं. आंधळ्या मुलींनाही शिकविलें. घेणाऱ्याच्या हातांत देण्याची शक्ति येणें, हीच आश्रितपणांतून बाहेर पडण्याची वाट होय.

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या वांट्यास वियोग व लोकांची कींव आली. पुढें १९०० सालीं त्यांनीं स्वतः तो धर्म पत्करला. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं. सोंवळ्यानें पछाडलेले वडील, तापट सासरे, हातचा पैसा उधळून मोकळा होणारा नवरा, कांहींएक त्यांनीं झांकून ठेवलेलें नाहीं. सर्व अपराध लिहिले आहेत, आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनांत कडवटपणा राहत नाहीं. उलट हंसूं येतें, आणि त्या तापट माणसांविषयींही माया वाटते. दुःख लपविणें म्हणजे कृतज्ञता नव्हे, हा धडा आमच्या मतें या पुस्तकाइतका सहज दुसऱ्या कोठें मिळणार नाहीं. नवऱ्याच्या पश्चात् त्याचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ काव्य त्यांनीं पुढें नेलें. लग्नानंतर अक्षरें गिरविलेल्या बाईनें केलेली ही उपकारस्तुतीच नव्हे तर काय?

रमाबाईंची अखेरची परीक्षा १९२१ सालीं झाली. २४ जुलैला मनोरमा गेली. आईच्या पश्चात् काम चालविण्यासाठीं जिला तयार केलें, तीच आधीं गेली. रमाबाई त्या वेळीं मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या वारल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मागें प्रसिद्ध झालें. इस्राएल लोकांची कुरकूर आणि स्तोत्रकर्त्याचें गाऱ्हाणें, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलीं, आणि दोहोंतील अंतर त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

आतां पुन्हां तेल्हाऱ्याच्या त्या शेतकऱ्याकडे वळूं. कपाशीचा भाव, पाण्याचा खारटपणा, विम्याचा न मिळालेला पैसा, हीं सर्व गाऱ्हाणींच आहेत, आणि तीं जेथें मांडावयाचीं तेथें स्पष्ट शब्दांत, पुन्हां पुन्हां मांडलींच पाहिजेत. कृतज्ञतेच्या नांवाखालीं त्यानें गप्प राहावें असें सांगण्याचा अधिकार कोणासही नाहीं. ज्याच्या घरीं गोड पाणी आहे त्याला तर मुळींच नाहीं. परंतु गाऱ्हाणें मांडून घरीं आल्यावर शेजारच्या विधवेच्या शेतांत आपला औत एक दिवस न्यावा, कीं ओट्यावर बसून उरलेला दिवस नशिबाला बोल लावण्यांत घालवावा, एवढी निवड ज्याची त्याच्याजवळ राहते. ज्यांचीं चरित्रें आम्हीं वर सांगितलीं, त्यांनीं ही निवड एकदांच करून संपविली नाहीं. ती त्यांना रोज करावी लागली.