खांदा, कोयता आणि सोनोग्राफी

दसरा-दिवाळी उरकली की नगर जिल्ह्यातल्या जामखेड, पाथर्डीतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. वाकून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. मोळी सावरायला हात सतत वर धरलेले. हाडाच्या कमानीखालून जाणारी खांद्याची कंडरा झिजते ती अशाच कामाने.

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा अशा दुखण्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. हजारी पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत होती. खेड्यातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायांना शिकवून आरोळ्यांनी ते चित्र पालटलं. यंत्राआधी माणसाला शिकवायचं, हा त्यांचा क्रम होता. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जगात खांद्याचा अभ्यास त्याआधीच सुरू झाला होता. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी 1934 मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. पण एक्स-रेत हाड दिसे, कंडरा नाही. ती दिसू लागली 1980 च्या दशकात, आधी सोनोग्राफीत, मग एमआरआयमध्ये. सोनोग्राफीसाठी रुग्णाला हात मागे, पँटच्या खिशावर ठेवायला सांगतात. कमानीखाली दडलेली कंडरा पुढे सरकते आणि प्रोब फिरवताच पडद्यावर उमटते. हात हलवायला लावून ती कुठे अडकते, तेही तिथल्या तिथे कळतं. एमआरआयची गोष्ट वेगळी. तो हाडाच्या आतलं आणि सांध्याच्या खोल भागातलंही दाखवतो, पण त्याला प्रचंड चुंबक, द्रव हेलियम आणि खास बांधलेली खोली लागते.

सोनोग्राफी स्वस्त, यंत्र उचलून नेण्याजोगं. खेड्यातल्या खांद्याला याहून सोयीचं काय असणार? पण महाराष्ट्रात हे यंत्र गर्भातल्या मुली शोधण्यासाठी वापरलं गेलं. 1988 मध्ये राज्याने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. तरीही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे नगर जिल्ह्यात 852 आणि बीडमध्ये 807 मुली उरल्या होत्या. या कायद्यांमुळे यंत्राची नोंदणी आली, जागेचं बंधन आलं. हे बंधन हवंच होतं. पण ज्या यंत्राचा गैरवापर दुसऱ्यांनी केला, ते मजुराच्या खांद्यापाशी पोचायला मात्र अवघड होऊन बसलं.

आणि यंत्र मिळालं तरी त्याच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. 1995 मध्ये अमेरिकेत, खांदा कधीच न दुखलेल्या 96 जणांचा एमआरआय केला. त्यातल्या चौतीस टक्क्यांची कंडरा फाटलेली निघाली. साठीपुढच्यांत तर निम्म्याहून अधिकांची. उलट मधुमेह्यांमध्ये अधिक प्रमाणात आढळणारा जखडलेला खांदा बहुतेक वेळा हात फिरवून पाहूनच ओळखता येतो. आरोळ्यांचा क्रम इथेही लागू पडतो: आधी विचारणं, मग हाताने तपासणं, मग यंत्र.

हंगामात मात्र हे विचारणंच घडत नाही. मुकादमाची उचल अंगावर असते, एका दिवसाच्या खाड्याचाही दंड बसतो. खांदा दाखवायचा तो एप्रिल-मेमध्ये, गावी परतल्यावर. तोवर हंगामाच्या सुरुवातीला अर्धवट फाटलेली कंडरा पुरती तुटलेली असू शकते.