भांग, गांजा आणि योगसाधना : परंपरा, शरीर व कायदा

नवी दिल्ली : भांग वा गांजाच्या सेवनाने ध्यान सखोल होते, असा दावा करताना परंपरेचा दाखला दिला जातो. पतंजलींच्या योगसूत्रांत चौथ्या पादाच्या आरंभी सिद्धींच्या पाच साधनांत ‘औषधी’ची गणना आहे, मात्र तेथे भांगेचे नाव नाही.

या नशेने हृदयाचे ठोके वाढतात, तोल व अंतराचा अंदाज बिघडतो आणि एकदम उभे राहिल्यास रक्तदाब घसरू शकतो. त्यामुळे शीर्षासनासारख्या आसनांत इजेचा धोका वाढतो.

‘एनडीपीएस’ कायदा, १९८५ नुसार फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. दोन्ही बाळगणे गुन्हा आहे. एक किलोपर्यंत गांजा वा १०० ग्रॅमपर्यंत चरस ‘अल्प प्रमाण’ ठरते. तरीही एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साधनेसाठी सेवन, या सबबीला कायद्यात सूट नाही. फुलोरा नसलेली पाने व बिया या व्याख्येबाहेर असल्याने भांगेचे नियमन राज्ये करतात.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कठोर यादीतून वगळले. भारताने बाजूने मत दिले, परंतु त्यामुळे देशातील कायदा बदललेला नाही.