बोल्ट किती आवळावा? एका आकड्याचा इतिहास

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या बाजूचा, दरवाजाची जागा बंद करणारा भाग उड्डाणानंतर काही मिनिटांतच निखळून पडला. तो जागी धरणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, असे तपासात निष्पन्न झाले. दुसऱ्याच दिवशी भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशातील मॅक्स विमानांच्या आपत्कालीन दरवाजांच्या तपासणीचे आदेश दिले. बोल्ट जागेवर असणे ही पहिली अट. तो योग्य मापाने आवळलेला असणे ही दुसरी. या दुसऱ्या अटीमागे मोठा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ मध्ये ब्रिटनच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या आट्यांचे, तर १८६४ मध्ये अमेरिकेच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांच्या आट्यांचे प्रमाण मांडले. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशच आहे. आटे एकसारखे झाले. बोल्ट किती आवळायचा हे मात्र कारागिराच्या मनगटावरच राहिले. १९१८ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांनी नळांच्या जोडांवरील बोल्ट अति आवळले जाऊ नयेत म्हणून टॉर्क, म्हणजेच परिबल, मोजणारा पाना तयार केला.

हे माप आवश्यक का? आवळलेला बोल्ट ही वस्तुतः ताणलेली स्प्रिंग असते. तिच्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबलेले राहतात. परंतु पान्यावर लावलेल्या टॉर्कचा केवळ सुमारे दशांश भाग हा ताण निर्माण करतो. उरलेला आट्यांतील आणि बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात खर्ची पडतो. म्हणून ढोबळ सूत्र असे : टॉर्क = घर्षणावलंबी गुणांक × व्यास × ताण.

८.८ श्रेणीचा, १० मिलिमीटर व्यासाचा कोरडा बोल्ट घ्या. गुणांक ०.२ धरल्यास ५० न्यूटन-मीटर टॉर्कने २५ किलोन्यूटन ताण येतो. त्यालाच तेल लावून गुणांक ०.१५ झाला, तर तेवढ्याच टॉर्कने ताण ३३ किलोन्यूटनांवर, म्हणजे बोल्टच्या सुरक्षित मर्यादेच्या काठावर जातो. पाना तोच, आकडा तोच. परिणाम मात्र निराळा.

दुसरा धोका एककांचा. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आणि १९७६ च्या कायद्याने एसआय एकके स्वीकारली. तरीही जुन्या वाहनांच्या पुस्तिकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये किंवा फूट-पौंडांत दिलेला आढळतो. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, तर १ फूट-पौंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. ५० फूट-पौंडांना ५० न्यूटन-मीटर समजणारा मिस्त्री बोल्ट चतुर्थांशाहून अधिक सैल सोडतो.

म्हणून आकडा ऐकीव नसावा. तो त्याच वाहनाच्या, त्याच वर्षाच्या सेवा-पुस्तिकेतून घ्यावा. सोबत एकक, बोल्ट कोरडा की तेल लावलेला, आणि आवळण्याचा क्रम हेही वाचावे. ‘टॉर्क अधिक कोन’ अशा पद्धतीने आवळायचे काही बोल्ट कायमचे ताणले जातात. पुस्तिका नवे वापरण्यास सांगत असेल, तर जुने पुन्हा बसवू नयेत.

अनुभवी हाताला कमी लेखण्याचे कारण नाही. पण घर्षण हाताला दिसत नाही, आणि चाकाचा बोल्ट सैल राहिला तर त्याची किंमत मिस्त्री नव्हे, प्रवासी मोजतो.