लहान रिव्हॉल्वरची कमान व तिची घरगुती दुरुस्ती

दप्तरें व पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थांच्या संग्रहांत एखादें जुनें हत्यारही बहुधा येऊन पडलेलें असतें. त्याची नोंद करतांना नळीवरील अक्षरें उतरून घेतात, मुठीखालील क्रमांक टिपतात, नळीची लांबी मोजतात. परंतु मुठीच्या आंतील कमान कोणत्या जातीची आहे हें लिहिलेली यादी आमच्या पाहण्यांत क्वचितच आली आहे. वस्तुतः लहान रिव्हॉल्वरचा काळ ठरविण्यास या कमानीचें घर फार उपयोगी पडतें, आणि घरगुती दुरुस्तींत सर्वांत आधीं नाहींशी होते ती नेमकी ही कमानच. म्हणून हा विषय संशोधक मंडळींपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दांविषयीं थोडें. बंदुकीच्या ज्या अवयवास आपण चाप म्हणतों तो शब्द संस्कृत, व त्याचा मूळ अर्थ धनुष्य. स्प्रिंगेस आपण कमान म्हणतों. तो शब्द फारसी, आणि त्याचाही अर्थ धनुष्यच. शक्ति वाकविलेल्या वस्तूंत सांठवावयाची व एका क्षणांत सोडावयाची, हें दोन्ही यंत्रांचें मर्म एकच आहे, तेव्हां हे शब्द बंदुकीस शोभले यांत नवल नाहीं. तोड्याच्या बंदुकीस मात्र जोरदार कमान लागत नसे. जळता तोडा रंजकावर टेकला कीं काम भागे. चकमकीची बंदूक आली तेव्हां गार पोलादावर जोरानें आपटणें भाग पडलें व खरी कमान तेथें शिरली. पुढें टोपीच्या बंदुकींत आणि रिव्हॉल्वरांत ती तशीच राहिली. कमानीचा ताण व तिचें बळ यांचें प्रमाण इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें १६७६ सालीं अक्षरांची उलटापालट करून कूटरूपानें छापलें व १६७८ सालीं तें कूट स्वतःच उकलून दाखविलें. आपल्याकडील कूटश्लोकांचा अभ्यास करणाऱ्यांस ही गोष्ट गमतीची वाटेल.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्प्रिंगफील्ड येथें स्मिथ व वेसन यांचा कारखाना आहे. त्यांचें पहिलें रिव्हॉल्वर १८५७ सालीं निघालें. तें ·२२ इंची, सात बारांचें व खिशांत मावणारें होतें. १८९६ सालीं त्यांनीं ·३२ इंची काडतुसाचें, चक्र बाजूस उघडणारें लहान रिव्हॉल्वर काढलें. त्याचा सांगाडा ‘आय’ या अक्षरानें ओळखला जातो. या सांगाड्याच्या मुठींत कमान होती ती पोलादी पट्टीची. पट्टीचें खालचें टोंक मुठीच्या तळाशीं खांचेंत बसे, वरचें टोंक घोड्यास अडके, आणि मुठीच्या पुढील कडेंतून आंत गेलेला एक लहानसा स्क्रू पट्टीवर दाब ठेवी. त्याच काळांतील इंग्लंडच्या वेब्ली रिव्हॉल्वरांत व्यवस्था निराळी आहे. तेथें चिमट्यासारखी दुहेरी कमान असून तिची एक बाजू घोडा मारते व दुसरी बाजू चाप परत आणते. एकाच कमानीकडून दोन कामें घेणें हें आम्हांस कारागिरीचें लक्षण वाटतें. मात्र ती मोडली कीं सर्वच यंत्र निकामी होतें.

१९५० सालीं स्मिथ व वेसन यांनीं ·३८ स्पेशल या लांब काडतुसासाठीं ‘जे’ नांवाचा किंचित् मोठा सांगाडा केला. पांच बारांचें तें रिव्हॉल्वर कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें भरलेल्या पोलिसप्रमुखांच्या परिषदेंत प्रथम दाखविलें गेलें, व त्यावरूनच त्यास ‘चीफ्स स्पेशल’ नांव पडलें. त्यांत पट्टी गेली आणि तारेच्या वेटोळ्याची कमान आली. १९५३ सालीं ‘आय’ सांगाड्यांतही तोच फेरफार झाला व स्क्रू नाहींसा झाला. १९६० सालीं तो सांगाडाच बंद पडला. आंखूड मुठींत पट्टीस वाकावयास जागा थोडी असते व वांक एकाच ठिकाणीं येतो. वेटोळ्यांत तो ताण सबंध तारेच्या लांबीवर वांटला जातो. लहान हत्यारास वेटोळें सोयीचें पडलें तें यामुळें.

यावरून निघणारा निर्णय असा. स्मिथ व वेसन यांच्या लहान, बाजूस उघडणाऱ्या रिव्हॉल्वरच्या मुठीस पुढील बाजूनें स्क्रूचें भोंक असेल तर तो सांगाडा पट्टीच्या काळांतला. आंतील कमान कोणी काढली, बदलली किंवा हरवली तरी भोंक व खांच राहतात. पोथीचा दोरा तुटला तरी पानांतील भोंक राहतें, तसेंच हें आहे. परंतु हा नियम लहान सांगाड्यांपुरताच समजावा. त्याच कारखान्याच्या मोठ्या रिव्हॉल्वरांत पट्टी व स्क्रू पुढेंही चालू राहिलीं. क्रमांकही एकाच जागीं पाहून थांबूं नये. जुन्या मालांत तो मुठीच्या तळाशीं, चक्राच्या मागील तोंडावर व नळीखालीं असतो, आणि मुठीच्या लांकडी फळीच्या आंतील अंगासही पुष्कळदां सांपडतो. हे क्रमांक जुळले नाहींत तर दोन हत्यारांचे अवयव एकत्र आले असें समजावें.

घरगुती दुरुस्तीचा घोंटाळा येथेंच सुरू होतो. वेटोळें बसविण्यास सोपें. त्याच्या मधल्या दांडींत आडवें छिद्र असतें. घोडा चढवून त्यांत टांचणी घातली कीं कमान दांडीसकट सुटी होते. अमेरिकेंत हलक्या कमानींचीं पाकिटें विकत मिळतात व लोक तीं घरीं बसवितात. हेतु एकच, कीं चाप हलका चालावा. पट्टीच्या हत्यारांत याच हेतूनें स्क्रूचें टोंक कानसीनें घासतात. आमच्या पाहण्यांतील एका रिव्हॉल्वरचा स्क्रू असा घासून निम्म्यावर आणलेला होता. परिणाम असा होतो कीं घोडा टोपीवर हलका पडतो व बार उडत नाहीं. काढलेली मूळ कमान बहुतेक केराच्या टोपलींत जाते. लेखकाचा मूळ पाठ खरवडून त्यावर सोपा पाठ लिहिणारे लेखनिक आपणांस परिचित आहेत. ही मंडळी त्यांचेच भाऊबंद होत.

कमान बसून राहून थकते, ही समजूत सार्वत्रिक आहे. धनुष्याचें लांकूड सतत वांकलेलें राहिलें तर ताठपणा गमावतें, म्हणून अधिज्य धनुष्याची दोरी काम झाल्यावर उतरवीत. चांगल्या पोलादाचें तसें नाहीं. मर्यादेंत दाबलेली कमान वर्षानुवर्षें टिकते. ती मरते पुनःपुन्हां वाकण्यानें आणि गंजानें. गंजाचा बारीक खड्डा हाच तडा जाण्याचा आरंभ. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तो जळून उरणारा क्षार हवेंतील ओल ओढतो आणि तेलानें निघत नाहीं, पाण्यानेंच धुवावा लागतो. कोंकणांतील दमट हवेंत तर विचारावयासच नको. जवसाचें तेल कधींही लावूं नये. तें वाळून चिकटा होतो व कमान निर्दोष असूनही घोडा मंद पडतो. कमान बदलण्याआधीं हा चिकटा काढून पाहावा. पुष्कळदां दुसरें कांहीं करावें लागत नाहीं. अर्थात् चक्र रिकामें आहे हें डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज यांतलें कांहींच आरंभूं नये.

१८९६ च्या त्या रिव्हॉल्वराबरोबर निघालेलें ·३२ इंची लांब काडतूस आज आपल्याकडेही चालतें. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतील रिव्हॉल्वरें, २०१४ सालचें ‘निर्भीक’ धरून, त्याच काडतुसाचीं आहेत. तेव्हां हा विषय केवळ परदेशचा नव्हे. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याच्या पांचव्या कलमांत निर्मिति व विक्री यांच्या पंक्तीस दुरुस्तीही बसविली आहे. म्हणून पुसणें व तेल देणें यापलीकडील काम परवानाधारक कारागिराकडे न्यावें, आणि काढलेली कमान व स्क्रू मागून घ्यावे. ते तेलकट कागदांत गुंडाळून, वर हत्याराचा क्रमांक, दुरुस्तीची तारीख व नवी कमान कोणत्या जातीची हें शाईनें लिहून, हत्याराच्याच पेटींत ठेवावे.