अर्जापूर, ऑक्टोबर 1946

चुडाव्याहून नांदेडकडे निघालेली गाडी लिंबगाव मागे टाकते आणि नांदेडनंतर मुदखेड, उमरी, धर्माबाद करत तेलंगणात शिरते. हैदराबाद मुक्तिलढ्याचे कागद चाळताना हा रेल्वेमार्ग डोळ्यांपुढे ठेवावा. भारत सरकारच्या 1948 च्या श्वेतपत्रिकेचा भर वाटाघाटींवर आणि निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या निमलष्करी दलाच्या अत्याचारांवर आहे. आपल्या नांदेड भागातली पडझड मात्र त्याआधीच सुरू झाली होती.

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने 1938 मध्ये, स्थापनेआधीच, बंदी घातली. ती उठली 3 जुलै 1946 रोजी. मग पक्षाच्या अध्यक्षपदी स्वामी रामानंद तीर्थ आले. बूर्गुल रामकृष्णरावांचा मवाळ गट मागे पडला. आणि 29 ऑक्टोबरला बिलोली तालुक्यात, अर्जापूरजवळ, काँग्रेसचे गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. (कोल्हापुरात 2015 मध्ये मारले गेले ते गोविंद पानसरे वेगळे.) बंदी उठून चार महिनेही झाले नव्हते. कायद्याने मोकळीक मिळालेल्या पक्षाचा माणूस गावोगाव हिंडताना मारला जातो, तेव्हा त्या मोकळिकीची किंमत काय उरते? 1946 च्या अखेरीस रझाकारांमागच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची सूत्रे लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे गेली. या खुनाने सगळे घडले असे कोणताही कागद म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण सनदशीर मार्गाने जाऊ म्हणणाऱ्यांची बाजू यानंतर लंगडी पडली असणार, हा माझा तर्क आहे.

पुढच्या तारखा या तर्काला धरून आहेत. 7 ऑगस्ट 1947 ला भारतात विलीन व्हा ही चळवळ, 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक. 30 जानेवारी 1948 ला सत्याग्रहाऐवजी बंदुका घेऊन गेलेल्या तरुणांनी याच रेल्वेमार्गावरच्या उमरीची बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले. ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मारले गेले. रझाकारांवर टीका करणारा हा मुसलमान संपादक विरोधकांतलाच होता. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या (हीच ‘पोलीस ॲक्शन’), 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

इथे आपल्याकडची बहुतेक पुस्तके थांबतात. भारत सरकारनेच नंतर पाहणीसाठी पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अहवाल थांबत नाही. पोलीस ॲक्शननंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांचा अंदाज तो 27 ते 40 हजार देतो. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदरबरोबर नांदेडही आहे. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही.