पौल आणि तीमथ्य

ख्रिस्ती मंडळीतील वडीलधारा आणि तरुण विश्वासी यांच्यातील नात्याचे नव्या करारातील सर्वांत तपशीलवार उदाहरण. काळ इ. स. पहिल्या शतकाचा मध्य. तीमथ्य लुस्त्रचा, हे गाव आजच्या तुर्कस्तानात, कोन्या शहराजवळ होते. आई युनीके यहुदी, वडील ग्रीक. धर्मशास्त्र त्याला बालपणापासून ठाऊक होते, आणि त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आजी लोईस व आई या दोघींच्या विश्वासाचा नावानिशी उल्लेख आहे. तीमथ्याला घडवले ते पौलाने, असे सांगताना या दोघी बहुधा विसरल्या जातात. हा अन्याय आहे. पाया घरी घातला गेला होता; पौल नंतर आला.

पहिल्या प्रचारफेरीत पौलाला याच लुस्त्रात दगडमार झाला होता. मेला असे समजून लोकांनी त्याला गावाबाहेर ओढून टाकले होते. इ. स. ५० च्या सुमारास, दुसऱ्या फेरीत, तो त्याच गावी परतला आणि तीमथ्याला सोबत घेऊन निघाला. लुस्त्र व इकुन्य येथील बांधव या तरुणाविषयी चांगले बोलत, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ मुद्दाम नोंदवते. म्हणजे निवडीमागे मंडळीची साक्ष होती. निघण्यापूर्वी पौलाने त्याची सुंता करवली. विदेशी विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती नको, असा निर्णय यरुशलेमेत नुकताच झाला होता, आणि पौलाचा दुसरा सहकारी, ग्रीक असलेल्या तीताची सुंता झालीच नव्हती. पण तीमथ्याची आई यहुदी होती आणि त्याला त्या भागातील यहुद्यांमध्येच वावरायचे होते. समोरचा माणूस कोण आणि त्याला कुठे जायचे आहे, हे पाहून पौलाने निर्णय घेतला.

पौलालाही कुणीतरी हात दिला होता. पूर्वी विश्वासणाऱ्यांचा छळ करणारा म्हणून यरुशलेमेतील शिष्य त्याला भीत असताना बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले. पुढे तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियात आणले. आरंभी ‘बर्णबा आणि शौल’ (शौल म्हणजे पौलच) असा येणारा क्रम पुढे बहुतेक ‘पौल आणि बर्णबा’ असा होतो. दुय्यम स्थान आल्यावरही बर्णबा सोबत राहिला, हे त्याचे मोठेपण. दोघांचे फाटले ते योहान मार्कावरून. अर्ध्या वाटेत परतलेल्या मार्काला पुन्हा न्यायला पौल तयार नव्हता, आणि बर्णबा त्याला सोडायला तयार नव्हता. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला. शेवटी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौल मार्कालाही घेऊन ये म्हणतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणतो. बर्णबाची पारख खरी ठरली.

पौलाने तीमथ्यावर खरी कामे सोपवली. थेस्सलनीकाच्या मंडळीची चिंता लागली तेव्हा त्याला तिथे पाठवले. भांडणांनी पोखरलेल्या करिंथलाही पाठवले आणि तिथे त्याला कुणी तुच्छ लेखू नये असे आधी कळवून ठेवले. करिंथकरांस दुसरे, फिलिप्पैकरांस, कलस्सैकरांस, थेस्सलनीकाकरांस दोन्ही आणि फिलेमोनास, अशा ६ पत्रांच्या आरंभी पौलाच्या नावाशेजारी तीमथ्याचे नाव आहे. पौल त्याला बंधू म्हणतो, सहकारी म्हणतो, लेकरू म्हणतो. ‘शिष्य’ हा शब्द ‘कृत्यां’त येतो, तोही ख्रिस्ताचा शिष्य या अर्थाने. म्हणून मराठीत या नात्याला सरसकट गुरुशिष्यपरंपरा म्हणणे योग्य नाही.

तीमथ्याला लिहिलेली दोन पत्रे पौलाच्या पश्चात त्याच्या अनुयायांनी लिहिली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. परंपरा ती पौलाचीच मानते. कसेही असले तरी या पत्रांतला जिव्हाळा वाचकाला भिडतो. तरुण आहेस म्हणून कुणाला तुला तुच्छ लेखू देऊ नकोस, असा धीर आहे. वृद्धाला रागावू नकोस, बापासारखे समजाव, अशी रीत शिकवलेली आहे. तुझे पोट वारंवार बिघडते, नुसते पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घेत जा, हेही आहे. दुसरे पत्र कैदेतले. त्यात पौल स्वतःच मागणारा होतो: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे; आणि हिवाळ्यापूर्वी ये. ज्याला शिकवले त्याच्याकडे गरज बोलून दाखवण्याइतके हे नाते मोकळे होते. याच पत्रात शिकवण कशी पुढे जावी तेही सांगितले आहे: पौलाकडून तीमथ्याकडे, त्याच्याकडून विश्वासू माणसांकडे, त्यांच्याकडून इतरांकडे.

मराठी ख्रिस्ती घरांत हे काम बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहणारे धर्ममातापिता, रविवारच्या शाळेतले शिक्षक आणि एकेकाळी वस्तीवस्तीत फिरणाऱ्या बायबलबाया करत आल्या. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही कोशात नाहीत. ज्यांनी आपल्याला प्रार्थनेचे पहिले शब्द शिकवले, त्यांची नावे वाचकांनी आपल्या घरी तरी लिहून ठेवावीत.

परंपरेनुसार तीमथ्य इफिसचा पहिला बिशप झाला. रोमन कॅथलिक पंचांगात २५ जानेवारीला पौलाच्या परिवर्तनाचा सण असतो. तीमथ्य आणि तीत यांचा स्मरणदिन दुसऱ्याच दिवशी, २६ जानेवारीला येतो.